गोदाम, गाडी आणि परिग्रह-परिमाण
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी व्यासपीठावरून बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हा मी प्रामाणिकपणे सांगितले की मी विद्वान नाही, प्रवचनकार नाही. आयुष्य डाळीच्या कट्ट्यांमध्ये गेले. त्यावर विश्वस्तांनी सांगितले, ‘मग त्यावरच बोला.’ म्हणून आज मी आपल्यासमोर एक अगदी व्यापारी प्रश्न मांडणार आहे. माल गोदामात किती ठेवावा आणि गाडी किती वेळा बोलवावी, हा तो प्रश्न. दिसायला मुनीमजींचा, परंतु त्याची एक वाट थेट आपल्या श्रावक-व्रतांपाशी जाऊन पोचते, असा माझा अनुभव आहे.

आपल्या खानदेशाकडे या दृष्टीने पाहिले तर हा प्रदेशच वाहतुकीने घडवलेला आहे. भुसावळसारखे रेल्वे जंक्शन, १९०० मध्ये सुरू झालेला चाळीसगाव-धुळे फाटा, तापीच्या खोऱ्यातून सुरतेकडे जाणारा लोहमार्ग, आणि धुळ्याला एकमेकांना छेदणारे मुंबई-आग्रा व सुरत-नागपूर हे दोन महामार्ग. मारवाड-गुजरातेतून आपले पूर्वज येथे आले, ते अशाच वाटांनी आणि अशाच नाक्यांवर स्थिरावले.

याच एका जिल्ह्यात आपल्या प्रश्नाची तीन टोके पाहावयास मिळतात. जळगावच्या सराफ बाजारातील सोने घ्या. त्याची वाहतूक खर्चाच्या दृष्टीने नगण्य; एका पिशवीत लाखो रुपये मावतात. परंतु ते तिजोरीत पडून राहिले की व्याज डोईवर चढते. म्हणून सराफ थोडे-थोडे, वारंवार मागवतो. दुसरे टोक केळीचे. रावेर, सावदा, यावल भागातील केळी हिरवी कापली जाते आणि दूरच्या बाजारपेठेत जाऊन पिकते. तिचा साठा करावा म्हटले तरी करता येत नाही; तेथे गोदाम नाही, आहे ती फक्त गाडी. रेल्वेने पाठवायची तर पूर्ण गाडीला पुरेल इतका माल एकाच दिवशी कापून स्थानकावर आणावा लागतो. ट्रकने पाठवायची तर शेताच्या बांधावरून निघता येते, पण भाडे जास्त. ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल निघाली, ती जळगाव-भुसावळवरूनच गेली. भाड्यातील पन्नास टक्के सवलत होती तोवर अनेकांचे गणित रेल्वेच्या बाजूने झुकले.

तिसरे टोक पाईपचे. वाकोदच्या भवरलालजी जैन यांनी १९६३ मध्ये रॉकेलच्या व्यवसायापासून सुरुवात केली, १९७८ मध्ये केळीची भुकटी करणारा कारखाना घेतला आणि १९८० मध्ये पीव्हीसी पाईपकडे वळले, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. पाईप हा वजनाने हलका व आकाराने अवाढव्य माल. ट्रक भरलेला दिसतो, पण त्यात निम्म्याहून अधिक हवाच असते. म्हणून जाणता भरणारा मोठ्या नळीत मधली आणि मधलीत लहान नळी सरकवतो. कापसाची गाठ दाबून एकशे सत्तर किलोची करणे, हीदेखील तीच युक्ती. सुट्या कापसाची गाडी आणि गाठींची गाडी शेजारी-शेजारी उभी करा, म्हणजे प्रेसची फॅक्टरी गावोगावी का झाली याचे उत्तर मिळते.

आमची डाळ या तिन्हींच्या मध्ये बसते. ती टिकते, पण कायमची नाही. जड आहे, पण फार जड नाही. तिच्यात पैसा गुंततो, पण सोन्याइतका नाही. म्हणून तिथे प्रश्न खरोखर अवघड होतो.

आता थोडे आकडे. भगिनींनी कंटाळू नये. वर्षाचे धान्य भरताना त्याही हेच गणित करतात. समजा धुळ्याच्या एका दुकानाला वर्षाला १,२०० क्विंटल तूरडाळ लागते आणि ती जळगावच्या मिलमधून येते. अंतर शंभर किलोमीटरच्या आत. गाडीचे भाडे व भराई-उतराई मिळून खेपेला ४,००० रुपये धरू. गाडी अर्धी असो वा पूर्ण, भाडे तेच. डाळीचा भाव क्विंटलला १०,००० रुपये. दरमहा शेकडा एक रुपया व्याज म्हणजे वर्षाला १,२०० रुपये; गोदामभाडे, विमा, घट-तूट यांचे ३०० रुपये. म्हणजे एक क्विंटल डाळ वर्षभर सांभाळण्याची किंमत १,५०० रुपये.

दर खेपेला ४० क्विंटल मागवले तर ३० खेपा, भाडे १,२०,००० रुपये. गोदामात सरासरी निम्मा म्हणजे २० क्विंटल माल, त्याचा खर्च ३०,०००. एकूण दीड लाख. दर खेपेला ८० क्विंटल मागवले तर १५ खेपा, भाडे ६०,०००. सरासरी साठा ४० क्विंटल, त्याचा खर्चही ६०,०००. एकूण १,२०,०००. दोन्ही खर्च समसमान झाले की बेरीज सर्वांत कमी होते, ही या गणितातील सुंदर गोष्ट. अमेरिकेत फोर्ड व्हिटमन हॅरिस नावाच्या अभियंत्याने १९१३ मध्ये एका कारखानदारीच्या मासिकात हे सूत्र प्रथम मांडले. त्याचा प्रश्न यंत्रावर एका वेळी किती नग काढावेत हा होता. पण यंत्राच्या जुळणीचा खर्च काढून तेथे गाडीभाडे लिहिले की ते आपले गणित होते. वर्षाची मागणी आणि खेपेचा खर्च यांचा गुणाकार दुप्पट करावा, त्याला सांभाळण्याच्या खर्चाने भागावे आणि वर्गमूळ काढावे. आपल्या आकड्यांनी ६,४०० चे वर्गमूळ, म्हणजे ८०.

यापेक्षाही मला उपयोगी वाटलेली गोष्ट वेगळी आहे. ८० ऐवजी १०० क्विंटल, म्हणजे दरमहा एक भरलेली गाडी मागवली तर? भाडे ४८,०००, साठ्याचा खर्च ७५,०००, एकूण १,२३,०००. वर्षात फक्त तीन हजारांचा फरक! तेव्हा कोणी संगणक घेऊन येईल आणि त्र्याऐंशी की सत्त्याऐंशी यावर वाद घालील, त्याला चहा पाजून परत पाठवावे. अचूक आकड्याला महत्त्व नाही. त्याच्या आसपास राहण्याला आहे. परंतु १६० क्विंटल मागवाल तर शंभर क्विंटलच्या गाडीत ते मावणार नाही, दोन गाड्या लागतील. भाडे साठ हजारांखाली येणारच नाही आणि साठ्याचा खर्च मात्र १,२०,००० होईल. गाडी एकदा भरली, की त्यापुढे साठा वाढवून भाड्यात काहीच वाचत नाही.

मग आपण सारे तरीही जास्त माल का भरतो? माझ्या मते याचे कारण असे, की भाड्याची बिल्टी येते. साठ्याची बिल्टी येत नाही. गाडीवाला दारात उभा राहून रोख मागतो. व्याज मात्र कोणाच्या दारात उभे राहत नाही, ते खतावणीत निमूटपणे वाढते. आमच्या पेढीवरचे जुने मुनीमजी कटमितीने व्याज काढत असत. एकदा त्यांनी सहज म्हणून धुळ्याच्या गोदामात पडलेल्या मालाचे व्याज मितीवार मांडले आणि कागद बाबूजींच्या गादीवर ठेवला. बाबूजींनी तो वाचला, घडी केली आणि म्हणाले, ‘मुनीमजी, भरलेले गोदाम ही पेढीची पत आहे. पतीचे व्याज मांडायचे नसते.’ त्या काळी ते खोटेही नव्हते. पावसाळ्यात रस्ते बंद होत, ट्रक मिळेल याची शाश्वती नसे, मिलमध्ये तूर तेल-पाणी लावून उन्हात वाळवावी लागे आणि चातुर्मासात ऊनच नसे. आगोटीची बेगमी ही गरज होती. चूक बाबूजींची नव्हती. काळ बदलल्यावर मी ती वहिवाट तशीच चालवली, ही चूक माझी.

ती कशी महागात पडली, हे सांगण्याचे मी ठरवले आहे. घरातल्यांना ते फारसे आवडलेले नाही. २०१५ मध्ये तूरडाळीचा किरकोळ भाव दोनशे रुपयांच्या घरात गेला, सरकारने साठ्यावर मर्यादा घातल्या, तपासण्या झाल्या. व्यापारी हा शब्दच त्या दिवसांत शिवीसारखा उच्चारला जात होता. माझा साठा कायद्याच्या मर्यादेत होता, त्यामुळे मी निर्धास्त होतो. २०१६ च्या पावसाळ्यापूर्वी मी मर्यादेत बसेल तितकी अखंड तूर भरून ठेवली. हिशेब साधा होता : भाव चढाच राहील आणि वर गाडीभाडेही वाचेल. त्या वर्षी पाऊस चांगला झाला, शेतकऱ्यांनी तूर भरपूर पेरली होती, आणि नवा माल बाजारात आला तेव्हा भाव ५,०५० रुपयांच्या हमीभावाच्याही खाली घसरले. गाडीभाड्यात मी जे काही हजार वाचवले, ते एका आठवड्याच्या घसरणीत शतपटीने गेले.

पैशाचे दुःख त्यातल्या त्यात लहान होते. पर्युषण तोंडावर आले असताना हमालाने येऊन सांगितले, ‘शेठ, तुरीला भुंगा लागलाय.’ कट्टा फोडून पाहिला. दाण्या-दाण्यावर पांढरी अंडी, भोके, आणि तळहातावर चालणारे जीव. डाळ केलेली असती तर कीड इतकी लागली नसती; हा भुंगा अखंड दाण्याच्या सालीवर अंडी घालतो. परंतु माल तर अखंड होता आणि विकायचा होता. धुरीच्या गोळ्या मागवण्यावाचून दुसरा उपाय उरला नव्हता. गोदामाच्या फटी कागदाने व चिखलाने बुजवल्या, ताडपत्री टाकली, गोळ्या ठेवल्या आणि दार बंद केले. मी बाहेर उभा होतो. मुंगीला पाय लागू नये म्हणून जपणारा माणूस कुलूप लावून किती जिवांचा हिशेब आत ठेवून आला, याची मोजदाद कोणत्या वहीत करायची? सांभाळण्याच्या खर्चात व्याज, भाडे, विमा, घट हे सारे मी मांडले होते. हा एक रकाना राहून गेला होता. त्या संवत्सरीला प्रतिक्रमणाला बसलो, तेव्हा पाठ असलेले शब्द माझ्या तोंडून नीट निघाले नाहीत.

त्यानंतर मी महाराज साहेबांपाशी जाऊन बसू लागलो आणि उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावकाचे अध्ययन त्यांच्या मुखाने ऐकले. आपल्यापैकी अनेकांनी ते ऐकले असेल. मी मात्र तोवर व्यापाऱ्याच्या कानाने ऐकले नव्हते. वाणिज्यग्रामचा हा गाथापती भगवान महावीरांपाशी बारा व्रते घेतो. त्याची संपत्ती तीन समान भागांत होती : चार कोटी सुवर्ण निधानात, चार कोटी व्यापारात आणि चार कोटी घरसंसारात. म्हणजे साठा किती आणि फिरते भांडवल किती, हे त्याला नेमके ठाऊक होते. आणि पुढे तो वाहनांचे परिमाण करतो. पाचशे गाडे दिशायात्रेसाठी आणि पाचशे गाडे संवहनासाठी. चार नौका दिशायात्रेसाठी आणि चार संवहनासाठी. बंधूंनो, लांब पल्ल्याची वाहतूक वेगळी आणि स्थानिक ने-आण वेगळी, असा भेद आजची मोठमोठी वितरण-व्यवस्था करते. तो आपल्या आगमात एका श्रावकाच्या व्रताच्या निमित्ताने नोंदलेला आहे, हे ऐकून मी थक्क झालो.

धन-धान्याचे परिमाण हे पाचवे अणुव्रत. दिशांचे परिमाण हे सहावे, दिग्व्रत. एक गोदामाला मर्यादा घालते, दुसरे गाडीला. येथे मला एक अडचण दिसली, ती मी आपल्यापासून लपवीत नाही. हॅरिसचे सूत्र सांगते की एक खर्च वाढवा, दुसरा घटवा, बेरीज पाहा. व्रत असे करू देत नाही. दिग्व्रताच्या अतिचारांत क्षेत्रवृद्धी नावाचा एक अतिचार आहे. पूर्वेकडील मर्यादेतील काही योजने कमी करून ती पश्चिमेला जोडून घेणे, हा तो दोष. म्हणजे अदलाबदलीलाच मनाई. व्यापारी बुद्धी मर्यादांची देवघेव करते, आणि व्रत प्रत्येक मर्यादा स्वतंत्रपणे पाळायला सांगते. या दोहोंचा मेळ कसा घालावा हे मी महाराज साहेबांना विचारले. ते हसून म्हणाले, ‘आधी मर्यादा लिहा, मग तिच्या आत जितके गणित करायचे तितके करा.’ मला हे व्यवहार्य वाटते. सूत्र ८० सांगत असेल आणि माझी मर्यादा १०० असेल, तर भाव कितीही खुणावो, १०१ वा क्विंटल माझा नाही.

भाडे वाचवण्याचा एक तिसरा मार्गही बाजारात आहे, गाडीत क्षमतेपेक्षा जास्त भरणे. आपल्याला याचे नाव शोधायला लांब जायला नको. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत अतिभारारोपण हा शब्द स्पष्ट आहे. तो बैलासाठी सांगितला असेल, परंतु कन्नडच्या घाटात जादा भरलेल्या ट्रकच्या स्टिअरिंगवर जो बसतो, तो काय निर्जीव आहे? २०१८ मध्ये सरकारने अवजड वाहनांची भारक्षमता वीस-पंचवीस टक्क्यांनी वाढवली, तेव्हा वाटले होते की हा प्रकार थांबेल. काहींनी नव्या मर्यादेवर पुन्हा जादा भरले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराचा दंड वीस हजार आणि वर प्रत्येक टनाला दोन हजार झाला आहे. धर्माने जे ऐकले नाही, ते काही जण दंडाने ऐकतात.

कराविषयी थोडक्यात बोलतो, कारण तो विषय आपण सारे भोगून बसलो आहोत. जकात नाक्यावरच्या रांगा, नंतरचा स्थानिक संस्था कर, परराज्यात विक्री केली तर केंद्रीय विक्रीकर आणि सी फॉर्म, स्वतःच्याच डेपोला माल पाठवला तर एफ फॉर्म. इंदूर किंवा सुरतेच्या गिऱ्हाइकासाठी त्या-त्या राज्यात गोदाम ठेवावे लागे, ते गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी कमी आणि करासाठी जास्त. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि त्या गोदामांचे कारणच संपले. अनिश्चित मागणीसाठी जो राखीव साठा लागतो, तो गोदामांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, असा एक ठोकताळा आहे. चार गोदामे एकत्र केली तर राखीव साठा साधारण निम्म्यावर येतो. कारण धुळ्याची मागणी कमी झाली तर शहाद्याची वाढलेली असू शकते, आणि एकाच छपराखाली एकाचे उरलेले दुसऱ्याला देता येते. एकत्र कुटुंबाच्या कोठाराचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना हे सूत्र समजावून सांगावे लागणार नाही. अर्थात गोदाम एकच झाले की शेवटच्या दुकानापर्यंतचे अंतर वाढते, आणि तेथे पुन्हा गाडीभाडे आपले डोके वर काढते.

मग साठा शून्यच करावा का? जपानच्या टोयोटा कंपनीने लागेल तेव्हाच माल आणण्याची पद्धत जगाला शिकवली. पण २०११ च्या भूकंपानंतर त्याच कंपनीने आपल्या पुरवठादारांना काही महिन्यांच्या चिप साठवून ठेवायला सांगितले. आपला अनुभव मार्च २०२० चा. टाळेबंदी लागली, गाड्या थांबल्या. ज्यांच्याकडे पंधरा-वीस दिवसांचा माल होता, त्यांनी गल्लीतली चूल पेटती ठेवली. ज्यांनी गोदामे अगदी रिकामी करून पाठ थोपटून घेतली होती, ते दार बंद करून बसले. अपरिग्रहाचा अर्थ रिकामी फळी असा मी तरी करीत नाही. तुरीचा हंगाम दोन-तीन महिन्यांचा आणि वरण मात्र बारा महिन्यांचे. मधला साठा कोणाला तरी सांभाळावाच लागतो. शेतकऱ्याला ते परवडत नाही, किराणा दुकानदाराकडे जागा नाही. ते ओझे आपण वाहतो, त्याची मजुरी घ्यावी, तीत लाज नाही. मात्र गिऱ्हाइकासाठी सांभाळलेला कट्टा आणि भाव चढेल म्हणून दडवलेला कट्टा, दोन्ही एकाच थप्पीत एकसारखे दिसतात. कोणता कोणता आहे, हे तपासणी अधिकाऱ्याला कळत नाही. मालकाला कळते.

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड-इंदूर नव्या लोहमार्गाला मंजुरी दिली. तो पूर्ण होईल तेव्हा धुळ्याचे गणित पुन्हा बदलेल. रेल्वेचे भाडे टनामागे कमी, पण खेप मोठी. म्हणजे सूत्रातला आकडा वाढणार आणि पुढच्या पिढीला पुन्हा मोठी गोदामे बांधण्याचा मोह होणार. एकट्याने मोठी खेप मागवण्याऐवजी चार-पाच व्यापाऱ्यांनी मिळून एक खेप मागवली आणि उतरताच वाटून घेतली, तर भाडेही वाचेल व कोणाच्याच गोदामात सहा महिने माल पडून राहणार नाही. आपल्या समाजात लग्नकार्याची भांडी पन्नास वर्षे सामायिक चालतात. तूर का चालू नये, असा माझा तरुण व्यापारी मित्रांना प्रश्न आहे. या विषयावर या ट्रस्टच्याच सभागृहात एखादी बैठक घेता आली तर मी जरूर येईन.

माझ्यापुरते सांगायचे तर धुळ्याच्या दोन गोदामांपैकी एक आम्ही सोडले. बाबूजी हयात नाहीत, असते तर रागावले असते. आता पावसाळ्यात अखंड तूर ठेवीत नाही. लागेल तशी डाळ जळगावहून येते, महिन्याला एक गाडी, श्रावणात दोन. त्या जादा गाडीचे भाडे माझा मुलगा दरवर्षी लाल शाईने अधोरेखित करून माझ्यापुढे ठेवतो. मी सही करतो. लक्ष्मीपूजनाला नवी वही उघडताना पहिल्या पानावर श्री, लाभ-शुभ लिहून झाले की त्याखाली क्विंटलचा एक आकडा लिहितो. गेली काही वर्षे तो आकडा वाढलेला नाही. या वर्षी मुलाने त्याच्या हाताने लिहावा अशी माझी इच्छा आहे. तो किती लिहितो ते मी त्याला सांगणार नाही.

बोलण्याच्या ओघात जिनाज्ञेविरुद्ध काही बोललो असेन, आगमातील गोष्ट सांगताना काही कमी-अधिक झाले असेल, तर मन-वचन-कायेने मिच्छामि दुक्कडं. जय जिनेन्द्र!